प्रभुभोजनापासून दूर बसणाऱ्या तरुणास

कोल्हापूर

ख्रिस्तात प्रिय असलेल्या तरुण बंधूस, सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. नाताळच्या कार्यक्रमासाठी तरुण संघाने जमवलेल्या वर्गणीतून तू काही रक्कम मोबाईलच्या हप्त्यासाठी वापरलीस, पगार होताच ती गुपचूप परत ठेवलीस, आणि तेव्हापासून प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी भाकरीचे ताट तुझ्यापाशी आले की तू ते तसेच शेजाऱ्याच्या हाती देतोस, हे सारे तू आडपडदा न ठेवता लिहिले आहेस. एक वाक्य मात्र घाईने उरकले आहेस. त्याकडे मी नंतर येतो.

अयोग्य रीतीने भाकर खाणारा दोषी ठरतो, हे प्रेषित पौलाचे वचन तू पुढे केले आहेस. ते वचन करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात आहे. तो अध्याय सबंध वाच. तिथे पौलाचा राग कुणावर आहे? जे आधीच येऊन पोटभर खात-पीत आणि मागून येणाऱ्या गरिबाला उपाशी ठेवत, त्यांच्यावर. आणि त्यावरचा उपाय म्हणून तो सांगतो, की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी बसावे, असे तो कुठेही म्हणत नाही. स्वतःला शिक्षा म्हणून तू जो उपवास धरला आहेस, तो तुला कोणी सांगितलेला नाही.

आता क्षमेविषयी. आपण आपली पापे पदरी घेतली तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. आपल्या अश्रूंना किंवा पश्चात्तापाच्या खोलीला तो तिथे आधार मानत नाही. आधार देवाच्या स्वभावाचा आहे आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले त्याचा आहे. म्हणून “मला अजून पुरेसे वाईट वाटत नाही” ही तुझी तक्रार मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा शिष्यालाही फार वाईट वाटले होते. त्यासाठी मिळालेले तीस रुपयेसुद्धा त्याने मुख्य याजकांना परत केले. तुझी त्याच्याशी तुलना करतो आहे असे समजू नकोस. पण पैसे जागच्या जागी गेले आणि मन मात्र प्रभूपासून दूरच राहिले, असे घडू शकते, एवढे त्यातून कळते. प्रभूला धरून दिले त्याच रात्री पेत्र या शिष्यानेही तीनदा प्रभूला नाकारले होते. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने त्यालाच “तू माझ्यावर प्रीती करतोस का?” असे तीनदा विचारले आणि त्याच्यावर मेंढरांची जबाबदारी सोपवली. पेत्राने तिथून पळ काढला नाही, हा मला दोघांतला सर्वांत मोठा फरक वाटतो.

एवढे होऊनही पेत्र कायमचा सुधारला असे मात्र समजू नकोस. पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावे लागले. क्षमा झालेल्या माणसालाही रोज नवे व्हावे लागते, ते असे. प्रभूने पेत्राला पाय धुताना हेच सांगितले होते, की ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांखेरीज दुसरे काही धुवायचे नको. स्नान पुन्हा नको, पण वाटेची धूळ रोज लागणार. तू गंगावेस तालमीच्या बाजूने जातोस, कधी आत डोकावून पाहा. आखाड्यातली माती तेल, ताक, हळद घालून कितीही चांगली केलेली असो, पैलवान उतरण्याआधी तिला फावडे लागते. न उकरलेली माती कठीण होते आणि पडणाऱ्याचेच अंग सोलते. आपल्याकडे ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की सगळ्यांना आत्मपरीक्षा आठवते आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ती कपाटात जाते, हे मला कधीच पटले नाही. तू रात्री निजण्यापूर्वी पश्चात्तापाचे 51 वे स्तोत्र सावकाश वाचत जा, आणि त्या दिवसाची एखादी नेमकी गोष्ट तिच्या नावानिशी प्रभूपुढे मांड. “प्रभू, मी पापी आहे” असे मोघम बोलणे फार सोपे असते.

आता ते घाईचे वाक्य. रक्कम कमी भरली तेव्हा कुजबूज झाली, दुसऱ्याच एका मुलावर संशय गेला, आणि त्यानंतर तो गायनवृंदात यायचा थांबला, असे तू एका ओळीत लिहून पुढे गेला आहेस. तुझी अस्वस्थता माझ्या मते इथेच आहे. देवाने तुला क्षमा केली म्हणून त्या मुलाच्या माथ्यावरचा डाग आपोआप पुसला जात नाही. जकातदार जक्कय सर्वांसमक्ष उभा राहिला आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन म्हणाला. आणि वेदीजवळ दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा, ही तर प्रभूचीच आज्ञा आहे. क्षमा विकत घेण्यासाठी हे करू नकोस. ती मिळालेलीच आहे, म्हणून तुला आता आपले नाव जपत बसण्याची गरज उरलेली नाही.

तेव्हा आधी त्या मुलाकडे जा, मग खजिनदारांकडे आणि पाळकसाहेबांकडे. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको. समोर बसून सांग, आणि हप्त्याची अडचण सांगत बसू नकोस. तो मुलगा रागावला तर रागावू दे. त्याने लगेच माफ करावे अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क तुला नाही. संघाच्या बैठकीत सर्वांपुढे त्याचे नाव मोकळे करावे लागेल, आणि ते तूच करायचे आहेस. मी त्या वेळी तुझ्या शेजारी बसेन. पुढच्या प्रभुभोजनाला अजून पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात हे सगळे सहज होईल. बैठकीचा दिवस ठरला की मला कळव.

तुझा शुभचिंतक