सत्तावीस म्हणताना सात आधी येतो

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो, त्रेपन्नचे ३५ करतो. पाढे मात्र घडाघडा म्हणतो, म्हणून बाई म्हणतात, ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं.’ चुकलेला प्रत्येक आकडा पन्नास वेळा लिहून आणायला लावतात. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्याचं लक्ष आहे. तो कानावर पडतं तसंच लिहितोय. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना दोन आधी. एकोणतीस तर आणखी अवघड. ऐकू येतं ‘तीस’, लिहायचे २९. माझ्या वर्गात निम्मी मुलं तिथे ३९ लिहायची.

मीही पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावलंय. सोलापुरात माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, विणकराघरची एक मुलगी होती. मराठीत अडखळायची, पण आकडे कधी उलटे लिहायची नाही. एकदा विचारलं तर बोटांवर मोजत म्हणाली, ‘इरवै एडु’. म्हणजे वीस सात! तिची भाषा लिहिण्याच्याच क्रमाने चालत होती. त्या दिवसापासून उलट्या आकड्यांसाठी मी कुणाला शिक्षा केली नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं, तेव्हा केवढी टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. सत्तावीस आपला आहे, तो राहायलाच हवा. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच्यापर्यंत पोचायला पायरी दिली, तर भाषेचं काय बिघडतं?

घरी हे करा. खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. ‘सत्तावीस’ म्हटलं की त्याने डावीकडे दोन गठ्ठे, उजवीकडे सात सुट्या काड्या मांडायच्या, ‘वीस सात, सत्तावीस’ म्हणायचं आणि मगच लिहायचं. शेजारी बहात्तरही मांडू दे. सात गठ्ठ्यांचा ढीग बघून तो स्वतःच बोलेल.

आणि पाढ्यांवर विसंबू नका. एकदा विचारा, ‘सात चोक अठ्ठावीस, मग सात पाचे किती?’ तो ‘सात एके सात’पासून सुरुवात करू लागला, तर अठ्ठावीसमध्ये आणखी सात मिळवायचे हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. तेही काड्यांनीच दाखवा.

पन्नास वेळा लिहिणं आजपासून बंद. त्याऐवजी उद्या गठ्ठे दप्तरात घालून द्या, बाईंसमोर मांडून दाखवू दे.