सरकारने आरोग्यावरचा खर्च वाढवला तर आर्थिक वाढ होते का?

श्रीमंत देश आरोग्यावर जास्त खर्च करतात, मग तो खर्च वाढवला की देश श्रीमंत होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. संबंध नक्की आहे, पण या तुलनेतून तो सिद्ध होत नाही. हातात पैसा आला की सरकारं दवाखान्यांवर आपसूकच जास्त खर्च करतात. त्यामुळे कशामुळे काय झालं, हे दोन आकडे शेजारी मांडून कळत नाही.

मला सर्वात पटणारा पुरावा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला आहे. १९१० च्या सुमारास तिथल्या शाळकरी वयाच्या साधारण ४० टक्के मुलांना अंकुशकृमींची लागण होती. अनवाणी पायांतून ही कृमी शरीरात शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. मूल मरत नाही, पण पांढरंफटक पडतं, सुस्त होतं, वर्गात लक्ष लागत नाही. उद्योगपती रॉकफेलर यांच्या देणगीतून आणि राज्यांच्या आरोग्य मंडळांमार्फत तिथे मोहीम झाली: तपासणी, थायमॉल या जंतनाशक औषधाचे डोस, संडास बांधण्याचा प्रचार. पुढे होइट ब्लिकली या अर्थतज्ज्ञाने जुन्या नोंदी तपासल्या. जिथे लागण जास्त होती तिथे मोहिमेनंतर शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली, आणि ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाईही. औषध साधं होतं, पण कमाईतला फरक दिसायला एक पिढी जावी लागली.

इथेच सगळी मेख आहे. मुलांच्या आरोग्यावर आज घातलेला पैसा पंधरा-वीस वर्षांनी अर्थव्यवस्थेत दिसतो आणि निवडणूक त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून उद्घाटन करता येईल अशा इमारतीला निधी पटकन मिळतो, लसीकरण आणि सांडपाण्याला मात्र झगडावं लागतं. मला हे मनापासून खटकतं.

उलट बाजूचाही पुरावा आहे. असेमोग्लू आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी २००७ साली दाखवलं की १९४० नंतर नव्या औषधांमुळे आयुर्मान झपाट्याने वाढलं, पण लोकसंख्याही वाढली आणि आयुर्मान वाढल्यामुळे दरडोई उत्पन्न वाढल्याचं काही दिसलं नाही. या निष्कर्षावर बरेच वाद झाले आहेत. तरी तो खरा धरला, तर दरडोई उत्पन्न काढताना एकूण उत्पन्नाला ज्या लोकसंख्येने भागतात, तिच्यात जगलेली मुलं फक्त भर बनून येतात. एवढ्यावरून तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही.

किती खर्च केला यापेक्षा कशावर केला हे महत्त्वाचं. सरकारी आणि खाजगी मिळून अमेरिका जीडीपीच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालते, जपान सुमारे ११, आणि आयुर्मान जपानचं जास्त.

तुम्ही स्वतः आकडे तपासणार असाल तर खर्च आणि वाढीचा दर एकाच वर्षाचा घेऊ नका, मध्ये निदान दहा-पंधरा वर्षांचं अंतर ठेवा. प्रतिबंध आणि रुग्णालयं यांचे आकडे वेगळे करा. आणि लोक उपचारासाठी स्वतःच्या खिशातून किती भरतात तेही बघा, कारण आजारपणाच्या कर्जापायी विकलेली जमीन सरकारच्या आरोग्य खर्चात कुठेच येत नाही.