वाचक विचारतात: चाकांवरच्या आवरणांना गिऱ्हाईक कुठे?

प्रश्न: मी एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. आम्ही तिघं मित्र घरी बांधलेल्या विमानांसाठी चाकांवरची फायबरची आवरणं करायची कंपनी काढतोय. चालेल का?

उत्तर: चालेल, पण गिऱ्हाईक इथे शोधू नका. अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, यावरून काय ते समजा. बाजार अमेरिकेत आहे. तिथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलं की विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ गटात बसतं. त्याच्या सुट्या भागांना वेगळी सरकारी मंजुरी लागत नाही.

मात्र घरी बांधायच्या विमानांचे संच (किट) विकणाऱ्या व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या आरव्ही विमानांची चाकाची आवरणं बहुधा किटसोबतच येतात. तुम्ही सांध्यांवरच्या आवरणांकडे बघा: चाकाचा पाय आवरणाला आणि विमानाच्या पोटाला मिळतो तिथे. दोन प्रवाह तिथे एकमेकांत घुसून हवा फाटते. त्यानं हवेचा विरोध वाढतो. वेग दुप्पट झाला की हा विरोध साधारण चौपट होतो, त्याला लागणारी ताकद आठपट.

आणि हो, गिऱ्हाइकांना हवेच्या प्रवाहाची संगणकावरची रंगीत चित्रं पाठवू नका, ती सगळेच पाठवतात. सांध्यावर लोकरीचे धागे चिकटवा, म्हणजे हवा कशी वाहते ते दिसेल. उड्डाणात त्यांचं चित्रण करा, तुमचं आवरण लावण्याआधीचं आणि नंतरचं. आवरणाचं वजन ग्रॅममध्ये लिहा.