वाचकांचे प्रश्न : ड्रॉवरच्या डिशवॉशरमध्ये भांडी कशी रचावीत?

प्रश्न : आमचे सहा माणसांचे कुटुंब आहे. नव्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन ड्रॉवरचा डिशवॉशर बसवून घेतला. एका ड्रॉवरमध्ये सात जणांची भांडी मावतात असे पुस्तिकेत लिहिले आहे, पण आमची ताटे, वाट्या आणि दोन भगुणी ठेवली की जागा संपते. दाटीने भरावे तर वाट्यांच्या तळाशी वरणाचा थर तसाच राहतो. सासूबाईंच्या मते यापेक्षा हाताने घासलेली बरी. भांडी रचण्याची काही निश्चित रीत आहे का?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : रीत आहे, मात्र ती पुस्तिकेतल्या चित्रांवरून आपल्या भांड्यांसाठी उमगत नाही, कारण ती चित्रे वेगळ्या जेवणाची असतात. ‘सात जणांची भांडी’ हे माप युरोपीय पद्धतीच्या पंगतीवर बेतलेले आहे. त्यात माणशी पसरट बशा, एक कप, एक ग्लास आणि काटे-चमचे धरलेले असतात. उभ्या काठाचे ताट, तीन वाट्या, फुलपात्र आणि शिवाय स्वयंपाकाची कढई हा हिशेब त्यात बसत नाही. तेव्हा आपल्या घरी एका ड्रॉवरमध्ये चार जणांची जेवणाची भांडी नीट निघाली, तरी यंत्रात दोष आहे असे समजू नये.

या यंत्राची घडण लक्षात घेतली की बाकीचे आपोआप उलगडते. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल या कंपनीने 1997 साली ड्रॉवरचा डिशवॉशर बाजारात आणला. पुढे दार असलेल्या नेहमीच्या यंत्रात दोन जाळ्या असतात आणि प्रत्येक जाळीखाली पाणी फवारणारा एक फिरता पंखा, म्हणजे स्प्रे आर्म, असतो. ड्रॉवरमध्ये मात्र तळाशी एकच स्प्रे आर्म असतो आणि सगळे पाणी खालून वर जाते. त्यामुळे प्रत्येक भांडे ठेवताना एकच प्रश्न विचारावा : खालून येणाऱ्या पाण्याला या भांड्याची खरकटी बाजू दिसते का? जी बाजू दिसत नाही, ती यंत्र कितीही वेळ चालले तरी धुतली जाणार नाही. आपल्या वाट्यांचे नेमके हेच होत असावे. एकीत एक गेलेल्या, किंवा ताटाच्या आडोशाला सरकलेल्या वाटीपर्यंत फवारा पोहोचतच नाही.

सुरुवात ताटांपासून करावी. जाळीतले दाते पातळ बशांसाठी केलेले असतात, आपल्या ताटाचा काठ मात्र बोटभर उंच असतो. म्हणून प्रत्येक खाचेत ताट न लावता एक खाच मोकळी सोडावी, आणि सर्व ताटांची तोंडे एकाच दिशेला, शक्यतो मध्याकडे, करावीत. ताट आडवे टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण एक आडवे ताट छत्रीसारखे वरच्या सगळ्या भांड्यांचे पाणी अडवते. नवी ताटे घेण्यापूर्वी जाळीच्या तळापासून ड्रॉवरच्या काठापर्यंतची उंची टेपने मोजून ठेवावी. यंत्र सुरू होताना वरचे झाकण खाली उतरून ड्रॉवरच्या काठावर बसते, त्यामुळे एखादे ताट किंवा झारा काठाच्या वर आला तर झाकण नीट बसत नाही. दुमडता येणारे दाते असतील तर भगुण्याच्या जागेपुरते ते पाडून घ्यावेत. बहुतेक जण या सोयीकडे वळून पाहत नाहीत.

वाट्या पूर्ण पालथ्या घालण्यापेक्षा दोन दात्यांच्या मध्ये तिरप्या टेकवाव्यात, म्हणजे आतल्या भागाला फवारा लागतो आणि बुडाच्या खोलगट कडेत पाणी साचत नाही. स्प्रे आर्म वर्तुळात फिरतो आणि ड्रॉवर चौकोनी असतो, त्यामुळे कोपऱ्यांत पाण्याचा जोर कमी पडतो. येसर आमटीचे भगुणे किंवा तेलकट कढई मध्यभागाजवळ तिरपी पालथी घालावी, आणि पाण्याचे पेले, चहाचे कप, ताकाची फुलपात्रे कोपऱ्यांत लावावीत. अरुंद गळ्याचा तांब्या या यंत्रात घालू नये असे माझे मत आहे. तोंडातून आत जाणारे पाणी इतके थोडे असते की आतला भाग फक्त ओला होतो. परातीचेही तेच. ती मावली तरी निम्मा ड्रॉवर झाकते, तेव्हा ज्वारीचे पीठ वाळण्याआधी हाताने धुऊन बाजूला ठेवणे सोयीचे.

चमचे एकमेकांत बसू नयेत म्हणून काही दांडा वर आणि काही दांडा खाली असे मिसळून ठेवावेत. सुऱ्यांची टोके मात्र नेहमी खालीच असावीत. लांब दांड्याची पळी आणि उलथणे वरच्या अंगाला आडवे ठेवावे, आणि साबणाच्या कप्प्याचे झाकण उघडायला समोर मोकळी जागा आहे ना, हे पाहावे. सर्व भरून झाल्यावर स्प्रे आर्म बोटाने एकदा पूर्ण फिरवून बघावा. जाळीतून खाली उतरलेला एखादा चमचा त्याला अडवत असेल, तर ते यंत्र सुरू करण्याआधीच कळते. ड्रॉवर हळू लोटावा, झटका दिल्यास तिरप्या वाट्या पुन्हा आडव्या होतात.

भांडी आधी नळाखाली विसळण्याची गरज नाही. खरकटे निपटून काढावे, एवढे पुरे. यंत्राला लागणारे पाणी मुख्यतः निवडलेल्या कार्यक्रमावर ठरते, त्यामुळे अर्धा ड्रॉवर लावला तरी पाणी जवळपास तेवढेच जाते, आणि कोंबून भरून निम्मी भांडी पुन्हा लावावी लागली तर दुप्पट जाते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या मुलखात हा हिशेब क्षुल्लक म्हणता येत नाही. दोन ड्रॉवर स्वतंत्र चालतात याचा लाभ घ्यावा. सकाळची भांडी एकात साठवत जावीत, तो भरला की लावावा, आणि रात्रीची दुसऱ्यात. सासूबाईंचे म्हणणे कढई, तवा आणि परातीपुरते मान्य करायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. भांडी मोकळी रचूनही पेल्यांवर पांढरा थर राहतो. रचनेत चूक होत असेल का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : एका पेल्यावर लिंबाची फोड चोळून पाहावी. थर विरघळला तर तो क्षारांचा आहे, आणि भांडी कशीही रचली तरी तो जाणार नाही. नाही विरघळला, तर अन्नाचा किंवा साबणाचा अंश समजून जाळीखालचे गाळणे काढून धुवावे. आपल्याकडे जमिनीत काळा बेसाल्ट खडक असल्याने बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त, असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणता, म्हणजे हा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. पाण्याची तपासणी करून तो आकडा यंत्रात भरावा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर दिसणारा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचा, आकडा म्हणजे कठीणता नव्हे. पाण्याचा जडपणा कमी करण्यासाठी यंत्रात मिठाचा कप्पा असेल तर डिशवॉशरचेच जाड मीठ घालावे, स्वयंपाकाचे नको. काही ड्रॉवरमध्ये हा कप्पा नसतोच, तिथे रिन्स एड, म्हणजे शेवटच्या धुण्यात भांड्यांवरचे पाणी निथळायला मदत करणारे द्रव, वाढवून पाहावे.

प्रश्न : कोणती भांडी अजिबात घालू नयेत?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लोखंडी तवा, लाकडी लाटणे, कल्हईची पितळी भांडी आणि देवघरातली तांब्याची भांडी घालू नयेत. साबण तीव्र अल्कधर्मी असल्याने ॲल्युमिनियम काळे पडते. बिदरीची वस्तू तर चुकूनही नको, कारण जस्ताच्या मिश्रधातूवरचा तिचा काळा रंगच तिची शोभा आहे आणि तो उतरला तर घरी परत आणता येत नाही. स्टीलचा कुकर चालतो, फक्त रबरी रिंग आणि शिट्टी काढून हाताने धुवावी आणि झाकण ताटांसारखे उभे लावावे.