कारखान्याच्या लॅबमध्ये नवीन आहेस, तर हे आधी समजून घे

सांगलीकडच्या साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागलास, छान झालं. उत्प्रेरकाची व्याख्या तुला पाठ असेलच. आता गाळप हंगामात तो साखर कशी खातो ते बघ.

साखरेचं, म्हणजे सुक्रोजचं, पाण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतंच. पण आपोआप व्हायला प्रचंड वेळ लागतो. आम्ल किंवा इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्या क्रियेची सक्रियण ऊर्जा (क्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) कमी करतं आणि स्वतः खर्च होत नाही. तेच तर दुखणं आहे: थोडंसं असलं तरी ते काम करतच राहतं. पोलारीमीटरवर पोल, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून काढलेलं साखरेचं माप, घसरलेला दिसेल, कारण साखर ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते, तर फ्रुक्टोज जोरात डावीकडे.

तोडलेला ऊस गाडीअड्ड्यावर उन्हात पडून राहिला तर नुकसान एन्झाइम आणि जिवाणू करतात. उपाय एकच, लवकर गाळप. (त्यासाठी शेती विभागाशी भांडावं लागतं. भांड.) रस तापला की एन्झाइम निकामी होतं, शेवटी ते प्रथिन, घडी उसकटली की संपलं. आम्लाचं उलटं, तापमानाबरोबर त्याचा जोर वाढतो. म्हणून आम्ल मारणाऱ्या चुन्याच्या दुधाचा डोस आणि सामू (pH) यांवर डोळा ठेव. तापलेल्या रसाचा सामू 7 च्या फार खाली रेंगाळू देऊ नकोस.

जिवाणू साखरेपासून बनवतात त्या डेक्स्ट्रानने रस चिकट झाला तर ते तोडणारं एन्झाइम, डेक्स्ट्रानेज, मिळतं, पण महाग असतं. उकळत्या रसात ओतलंस तर पैसे गटारात. डब्यावरचं तापमान वाच आणि त्याला काम करायला वेळ मिळेल अशा ठिकाणी सोड.