टकिंटर (पायथनमध्ये खिडक्या बनवायची लायब्ररी) वापरून केलेल्या स्टॉपवॉचमध्ये दर ३० सेकंदांची बीप मधूनच का चुकते?
पार्क मैदानावरच्या सरावासाठी केलेल्या या स्टॉपवॉचमध्ये वेळ ‘बरोबर ३०’ झाली का, एवढंच तुम्ही तपासताय. आफ्टर (ठरलेल्या वेळानंतर फंक्शन चालवणारी टकिंटरची आज्ञा) थोडा उशिरा येतोच, वेळ २९.९८ वरून थेट ३०.०३ झाली की अट जुळत नाही. ‘पुढची बीप’ हा आकडा वेगळा ठेवा, वेळ तिथे पोचली किंवा पुढे गेली की वाजवा आणि त्याच आकड्यात ३० मिळवा. चालू वेळेत मिळवलेत तर उशीर साठत जाईल.

विंडोजवर आवाज वाजवणाऱ्या पायथनच्या विनसाउंड मॉड्यूलमधल्या प्लेसाउंडला एसिंक फ्लॅग (आवाज मागे वाजू देणारा पर्याय) हवाच, नाहीतर आवाज संपेपर्यंत खिडकी गोठते. आवाजाची फाइल डब्ल्यूएव्ही (.wav) प्रकारची ठेवा.

ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो जागा होईपर्यंत छोटी बीप गिळून टाकतो. सोलापुरात मोकळ्या मैदानावर बहुधा तोच वापराल, म्हणून फाइलच्या सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता जोडा आणि फाइल अर्धा सेकंद आधी सुरू करा.