वाचकांचे प्रश्न : मिनिमल टेक्नो ओळखावे कसे आणि रचावे कसे?

प्रश्न : एका मित्राने ‘मिनिमल टेक्नो’ म्हणून काही रेकॉर्ड ऐकवल्या. आठ-आठ मिनिटे एकच ठोका आणि अधूनमधून एखादा बारीक आवाज, एवढेच मला ऐकू आले. या संगीताची व्याख्या काय, आणि गोव्याच्या ट्रान्सपेक्षा ते वेगळे कसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ऐकले ते बरोबरच आहे. फक्त त्या ‘बारीक आवाजा’कडे आपण जे दुय्यम म्हणून पाहिले, तेथेच या संगीताचे खरे काम चाललेले असते. टेक्नो म्हणजे यंत्रांवर रचलेले, सारख्या ठोक्याचे नाचाचे संगीत; ज्या टेक्नोमध्ये घटक इतके मोजके ठेवलेले असतात की त्यांपैकी एकाच्या जागेत, लांबीत किंवा पोतात झालेला किंचित बदलही श्रोत्याला घडामोड म्हणून जाणवतो, ते मिनिमल टेक्नो, अशी व्याख्या मी करीन. वाद्ये किती आहेत हे मोजण्यापेक्षा किती लहान बदल ऐकू येतो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा एकसारखा चालू राहतो आणि तो बदलत नाही म्हणूनच कायद्याच्या पलट्यांमधले सूक्ष्म फरक आपल्याला कळतात. मिनिमलमध्ये किकचा, म्हणजे ड्रमच्या खालच्या जाड आवाजाचा, ठोका नेमके तेच काम करतो.

हे संगीत एका विशिष्ट परिस्थितीतून आले. १९८०च्या दशकात डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी टेक्नोचा पाया घातला. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठ्या रेव्ह पार्ट्यांमध्ये त्याची लय वाढत गेली, आवाजांवर आवाज चढत गेले आणि मूळच्या संगीतातला मोकळेपणा हरवला. ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या डेट्रॉइटच्या गटात जेफ मिल्ससोबत काम केलेल्या रॉबर्ट हूड यांनी याला उत्तर म्हणून १९९४ साली ‘मिनिमल नेशन’ ही रेकॉर्ड केली, आणि ती मिल्स यांच्याच ‘अ‍ॅक्सिस’ या लेबलवर निघाली. तिच्यात ड्रम मशीन, सिंथेसायझरची एखादी छोटी आकृती आणि तिच्यावर सावकाश फिरणारा फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारी सोय) याखेरीज फारसे काही नाही. तरीही ती शरीराला हलवते. नदीपलीकडच्या विंडसर या कॅनडातील गावात रिची हॉटिन यांनी १९९६ साली ‘कन्सेप्ट १’ ही मालिका काढली आणि तिच्यात ध्वनी आणखी कमी केले.

बर्लिनने वेगळी वाट धरली. मोरित्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस यांनी १९९३ पासून ‘बेसिक चॅनल’ या नावाने काढलेल्या रेकॉर्डमध्ये सांगाडा उघडा दिसत नाही. एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) डिले आणि रिव्हर्ब या प्रतिध्वनी व घुमारा देणाऱ्या परिणामांमधून इतक्या वेळा परतवला जातो की त्याचे धुके होते. म्हणजे साहित्य मोजकेच, पण ऐकू येणारा आवाज दाट. डेट्रॉइटचे कोरडे मिनिमल आणि बर्लिनचे हे धूसर मिनिमल ही दोन्ही एकाच विचाराची रूपे आहेत, आणि ‘मिनिमल म्हणजे रिकामे’ ही समजूत त्यामुळेच टिकत नाही. रिकार्दो व्हिलालोबोस यांची २००६ सालची एक रचना बाल्कन ब्रास बँडचा तुकडा घेऊन तब्बल ३७ मिनिटे चालते आणि तीही याच परंपरेत बसते. मात्र त्याच काळात ‘मिनिमल’ ही फॅशन झाली आणि टिचक्यांसारख्या आवाजांची पुष्कळ सपक रेकॉर्डिंगे या नावाखाली विकली गेली. आपल्या मित्राच्या संग्रहात तशा रेकॉर्ड असतील, तर कंटाळा येणे स्वाभाविक आहे. कृपया हूड आणि बेसिक चॅनल यांच्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

गोव्याच्या ट्रान्सशी याचे नाते दूरचे आहे. त्या संगीताची लय साधारणपणे मिनिटाला १४० ठोक्यांच्या पुढे असते, सुरावटींचे थर एकमेकांवर चढतात आणि सगळी रचना एका शिखराकडे धावते. मिनिमलची लय बहुधा १२५ ते १३२च्या आसपास राहते आणि त्यात असे शिखर बहुतेक वेळा नसतेच.

प्रश्न : अशा प्रकारचे संगीत सर्वांत आधी मुंबईत तयार झाले, असे वाचले. हे खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण वाचलेला उल्लेख चरणजित सिंग यांच्याविषयीचा असावा. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या या कलाकाराने १९८२ साली रोलँड कंपनीची टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रे वापरून, डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवणारी रेकॉर्ड मुंबईत केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा १९८७च्या शिकागोतील अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीताशी तिचे साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले. हे श्रेय त्यांना मनापासून दिलेच पाहिजे. तथापि शिकागो किंवा डेट्रॉइटच्या कलाकारांनी ती रेकॉर्ड ऐकून आपले संगीत रचले, याला पुरावा नाही. आणि ती मिनिमलही नाही, कारण तिच्यात रागाची सुरावट सतत पुढे येऊन बोलत राहते.

भारताशी जोडणारा दुसरा एक धागा मला अधिक मोलाचा वाटतो. पुनरावृत्तीवर आधारलेल्या अमेरिकी मिनिमल संगीताचे एक प्रवर्तक टेरी रायली हे १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. टेक्नो त्या संगीतातून थेट उतरले, असे मात्र म्हणता येणार नाही; त्याची मुळे फंक, डिस्को आणि जर्मनीतील इलेक्ट्रॉनिक संगीतात आहेत.

प्रश्न : जुनी टीआर-९०९ ही ड्रम मशीन आता फार महाग झाली आहे. तिच्याशिवाय हे संगीत करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निश्चित येईल. ‘एबलटन लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर २००१ साली बाजारात आले, आणि ते घडवणाऱ्यांपैकी गेरहार्ड बेलेस व रॉबर्ट हेन्के हे दोघे ‘मोनोलेक’ या नावाने स्वतः बर्लिनमध्ये हेच संगीत करीत होते. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, चालू ठेवून त्यात हाताने बदल करीत राहण्याची सोय त्यात पहिल्यापासून आहे. टीआर-९०९चे आवाजही आज कोठेही सहज मिळतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्याकडे लॅपटॉप आणि हेडफोन आहेत. चार-पाच आवाज घेऊन ट्रॅक केला, पण तो मिनिमल न वाटता अर्धवट वाटतो. कोठे चुकते आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण कमी आवाजांपासून सुरुवात करून कमी आवाजांवर थांबला आहात, असे वाटते. उलट करून पाहावे. आठ बारच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन) लूपमध्ये दहा-बारा आवाज भरावेत आणि मग एकेक म्यूट करीत जावे. जो गेल्याचे कानाला जाणवत नाही तो कायमचा काढून टाकावा. जे चार उरतील ते एकमेकांना धरून असतील, कारण गर्दीतही ते आवश्यक ठरले होते.

त्यानंतर उरलेल्या प्रत्येक आवाजावर मेहनत घ्यावी लागते, आणि नवखे लोक येथेच घाई करतात. किक तयार मिळाला म्हणून तसाच वापरू नये. सुमारे २०० हर्ट्झपासून ५०च्या आसपास वेगाने उतरणारी साधी साइन लहर घेऊन तो स्वतः बनवावा, त्याचा स्वर बासशी जुळवावा आणि त्याची शेपटी एवढी आखूड ठेवावी की पुढच्या बासला जागा मिळेल. बास किकच्या डोक्यावर न बसवता दोन किकच्या मधल्या पोकळीत बसवला, तर फक्त या दोघांतूनच चाल निर्माण होते.

लय १२८ ठेवली, तर चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा होतो आणि १६ बार बरोबर ३० सेकंदांत पुरे होतात. बदल किती सावकाश करायचे याचा हिशेब त्यामुळे सोपा होतो. सोळा स्टेपच्या (सोळा समान भागांच्या) बारवर एक छोटा आवाज पाच स्टेपच्या आवर्तनात फिरवावा. तो पाच बारनंतर पुन्हा पहिल्या ठोक्यावर येईल. त्यात सात स्टेपचा तिसरा आवाज जोडला, तर तिघांची गाठ ३५ बारनंतर, म्हणजे मिनिटाहून अधिक काळाने पडते. काहीही नवे न घालता ट्रॅक एवढा वेळ स्वतःहून बदलत राहतो! आपल्या ट्रॅकला सर्वांत मोठा लाभ या एका उपायाने होईल, अशी माझी खात्री आहे.

हॅट (झांजेसारखे आवाज) यंत्रासारख्या समान जोराने वाजत असतील, तर त्यांचा जोर कमी-जास्त करावा आणि थोडा स्विंग द्यावा. सरळ ५० टक्क्यांऐवजी ५६ टक्के ठेवल्यास प्रत्येक दुसरा सोळांश याच लयीत सुमारे १४ मिलिसेकंद उशिरा पडतो. हा फरक स्वतंत्रपणे ऐकू येत नाही, पण चालीत लगेच कळतो. फिल्टर ३२ बारभर, म्हणजे पूर्ण मिनिटभर, हळूहळू उघडावा. तो माउसने रेषा काढून उघडण्यापेक्षा ट्रॅक चालू असताना हाताने फिरवून रेकॉर्ड करावा, कारण हात ऐकत ऐकत फिरतो. एवढे साधल्यावर एका बारपुरता किक काढून टाकणे हीसुद्धा मोठी घटना ठरते, म्हणून तो उपाय फार वेळा वापरू नये.

मिक्सचे काम थोडक्यात सांगतो. एकूण आवाजाची कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवावी. साधारण १२० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनो (दोन्ही बाजूंना सारखे) करावे. विनाइलवर खालच्या पट्टीतला विस्कटलेला स्टिरिओ सुईला खाचेबाहेर उडवू शकतो. हेडफोनवर बासचा अंदाज हमखास चुकतो, तेव्हा एखाद्या मित्राच्या मोठ्या स्पीकरवर ट्रॅक एकदा तरी वाजवून पाहावा, आणि तेथे किक व बास वेगवेगळे ऐकू येत नसतील तर इक्वलायझरला हात लावण्याआधी दोघांच्या लांब्या तपासाव्यात.